हाक भरायला परभणीला

परभणी जिल्ह्यात जन्म काढून परभणीच्याच प्रवासाचं वर्णन लिहायला बसलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. लोक हिमालयात जाऊन येतात आणि लिहितात. मी सोनपेठजवळच्या आमच्या वाडीतून निघालो, परभणीला गेलो, पिंगळीला राहिलो, नांदेडहून परत आलो. पण आम्ही जे आणायला गेलो होतो ते हिमालयात मिळत नाही, म्हणून लिहितो.

आणायचा होता एक माईक. आणि जमलंच तर चांगला हेडफोन.

आधी आमच्या दादाची हाक सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सोपानदादा माझा थोरला भाऊ. आम्ही मेंढरंवाली माणसं. दिवस मावळायला आला की दादा बाभळीच्या वळणावर उभा राहतो, तळहात कानामागे धरतो आणि जीभ टाळूला लावून लांबच लांब 'हुर्रर्रर्र' असा सूर काढतो. शेवटी तो सूर वर उडवून सोडून देतो. मेंढरं येतात, हे तर कुणीही सांगेल. पण ती हाक गोदावरी ओलांडते. तिकडची मेंढरं पाण्याशी येऊन उभी राहतात. एकदा पलीकडच्या गावात वरात चालली होती, तर घोडा नवरदेवासकट नदीत उतरला. त्या हाकेवर वाडीतल्या कोंबड्या खुराड्यात जातात, आभाळातले बगळे दिशा बदलतात आणि आमची वहिनी चुलीवर तवा ठेवते. यातलं शेवटचं अगदी खरं आहे. बाकीचं तुम्ही तुमच्या हिशेबाने घ्या.

यंदा थंडी सुरू झाली आणि दादाचा घसा बसला. काढे झाले, मध झाला, गुळण्या झाल्या. शेवटी नांदेडच्या दवाखान्यात नळी घालून बघितलं. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. गाठ वाईट आहे, माणूस वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

"म्हणजे बारीक आवाजात बोलता येईल ना?" मी विचारलं.

"आवाज राहणार नाही," डॉक्टर म्हणाले.

वाढवून सांगायला मी आयुष्यात कधी अडलो नाही. त्या वाक्यात वाढवायला जागाच नव्हती.

हाक भरून, म्हणजे रेकॉर्ड करून, ठेवायची कल्पना दादाच्या लेकीची, पल्लवीची. ती गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेते आणि उरलेल्या वेळात जुन्या कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळते. तिचे जोडीदार कुणी लातूरचे, कुणी नागपूरचे. एकमेकांची तोंडं बघितलेली नाहीत, पण खेळता खेळता कानात बोलत असतात. आता एका मोठ्या संघाची निवड होती. जोडीदारांनी तिला बजावलं होतं, की फोनच्या इअरफोनवर भागणार नाही. तुला शत्रूचे पाय ऐकू येत नाहीत आणि आम्हाला तू ऐकू येत नाहीस. त्यासाठी ती शिकवण्यांचे पैसे बाजूला टाकत होती. एकाच माईकमध्ये तिचा खेळही होईल आणि आबांची हाकही होईल, असा तिचा बेत. दादा मेंढरं बोलावत असताना तिने फोनवर भरून पाहिली होतीच. फोनात हाक फाटली, जुनं धोतर टराटरा फाडावं तशी.

दादा आधी ऐकेना. "जित्या माणसाचा आवाज डबीत कशाला कोंबायलीस?"

"माझ्यासाठी न्हाई, आबा," पल्लवी म्हणाली. "मेंढरासाठी. तुमी दवाखान्यातून आल्यावर स्पीकरवर लावू. यायला नकोत का ती?"

मेंढरासाठी म्हटल्यावर दादा उठला.

गंगाखेडचा पूल

बेत असा ठरला: परभणीत माईक घ्यायचा, पिंगळीला आमच्या बहिणीकडे, अक्काकडे, मुक्काम करून हाक भरायची आणि तिसऱ्या दिवशी तिथूनच रेल्वेने ऑपरेशनसाठी नांदेड गाठायचं. निघालो तिघं, दादा, पल्लवी आणि मी. दादाच्या खांद्यावर घोंगडी, हातात काठी. माझ्याकडे अक्कासाठी हुरड्याची पिशवी. वहिनी फाट्यापर्यंत आली नाही. तिच्यावर मेंढरं होती.

एसटीत शेजारी एक गृहस्थ भेटले. त्यांना मी वरातीतला घोडा सांगितला. एरवी अशा वेळी दादा "किसन्या, गप" म्हणतो आणि माझी अर्धी गोष्ट तिथेच कापतो. माझ्या गोष्टी त्याच्यामुळेच आटोक्यात राहिल्या आहेत. पण डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलेलं. त्याने नुसती काठी एसटीच्या पत्र्यावर आपटली. मी घोडा नदीच्या काठावरच थांबवला.

गंगाखेड मागे टाकून पुलावर आलो. खाली गोदावरी हिवाळ्यात असते तशी, एका अंगाला वाळू, एका अंगाला पाणी. काठाला ज्वारी हुरड्यात आलेली, करडई अजून हिरवी. दादा खिडकीला डोकं लावून पाण्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "दादा, हितून एक देतोस का? घोडा बाहीर येईल."

"रिकामी हाक द्यायची न्हाई," तो हळू म्हणाला.

हा आमच्या घरचा दंडक. मेंढरं गोळा करायची असतील तरच हाक द्यायची. गंमत म्हणून नाही, कुणाला दाखवायची म्हणून नाही. ज्याने रिकामी हाक दिली त्याच्यावरचा मेंढरांचा विश्वास उडतो, असं आमचे वडील सांगत. लहानपणी मी खेळात एकदा दिली तर त्यांनी मला दिवसभर मेंढरांत कोंडलं होतं. नरसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीत उतरलो तेव्हाही माझ्या डोक्यात हे आलं नाही, की याच दंडकापायी आम्ही पुढे फसणार आहोत. देवासमोर दादा बराच वेळ ओठ हलवत उभा राहिला. काय मागितलं ते मी विचारलं नाही. खोबऱ्याचा प्रसाद त्याला गिळेना. त्याने तो माझ्या हातावर ठेवला.

परभणी

बसस्टँडच्या मागच्या गल्लीतलं ते दुकान म्हणजे बाहेरून साधं, आतून उरूस. एक कीबोर्ड असा पेटलेला, की दर्ग्यात नेऊन ठेवला तर लोक नवस बोलतील. मांजराचे कान लावलेले गुलाबी हेडफोन. खेळायची म्हणून एक खुर्ची होती. तिच्यात मी बसलो तर तिने मला पोटाशी धरलं, सोडायलाच तयार नाही. दादाची काठी काचेच्या दारात अडकली, ती सोडवायला मालकच धावले. रफिकभाई त्यांचं नाव.

"बैठो चाचा, बैठो. किसके वास्ते होना?"

पल्लवी पुढे झाली. आमच्याकडे बकरा घेताना दात बघतात, पाठ दाबतात, चालवून बघतात. ती हेडफोन तसाच बघत होती. कानावरच्या गाद्या अंगठ्याने दाबायची, वायर मुळाशी वाकवून बघायची, डोक्यावर घालून मान हलवायची, आणि मग तसाच घालून ठेवायची. मला म्हणाली, "काका, कानाला चिमटा घेतो का न्हाई ते लगेच कळत न्हाई. जरा येळ लागतो." लाइट लागणारे सगळे तिने आधीच बाजूला सारले. "लाइट कानाला ऐकू येत न्हाई," म्हणाली.

एक तिला पसंत पडला. तिने तो आबांना घालायला दिला. दादाच्या पटक्यावर तो बसेना. दादा क्षणभर थांबला आणि भर दुकानात त्याने पटका उतरवून मांडीवर ठेवला. परक्यांसमोर माझ्या भावाचं उघडं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पल्लवीने खेळ लावला. दादाने झटकन मान वळवून मागे पाहिलं.

"मागून कोनतरी यायलंय."

"त्यासाठीच घ्यायचा, आबा. पाय वाजतात त्यावरून दुश्मन कुठून आला ते कळतं."

"मग हे आमचंच काम की," दादा म्हणाला. आजारपणात तो पहिल्यांदाच हसला. लांडग्याच्या पायांवर कान ठेवूनच त्याचं आयुष्य गेलेलं.

त्याच हेडफोनला तोंडाजवळ येणारा माईक होता. रफिकभाई त्याचं कौतुक करून थकेनात. "इसमें आजूबाजू का शोर कटता है. पंखा, कूलर, गाडी, कुत्ता, कुछ नै जाता. सिरफ आदमी की बात जाती."

आम्ही खूश झालो. शिवारात वारं असणार, पिंगळीला रेल्वे असणार. ते सगळं कापलं जाईल आणि मधोमध दादाची हाक राहील, डाळिंब सोलून दाणे काढावेत तशी. पल्लवीने माईक बारीक पिनेने फोनला जोडला. दादा सावरून बसला आणि म्हणाला, "मी सोपान. सोनपेठकडचा. मेंढरं हायेत माझ्याकडं." ऐकलं तर शब्द न् शब्द मोत्यासारखा.

"चाचा, वो हाकभी मारके देखो ना एक बार."

दादाने मान हलवली. "हितं मेंढरं कुठं हायेत?"

आम्हीही त्याला आग्रह केला नाही. दुसरं कुणीही गिऱ्हाईक असतं तर दुकानातच ओरडून मोकळं झालं असतं.

पिंगळी

स्टेशनपासून अक्काचं घर चालत. तिने दारातच दादाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "किती वाळलास रं!" मग माझ्याकडे वळून, "आन् तू किती फुगलास!"

पिंगळीकडे मेंढरांना 'छो छो' करून बोलावतात. आमच्या कानाला ते कुत्रं हाकलल्यासारखं वाटतं. पण अक्काच्या दारातली मेंढरं आमच्याच कळपातली, दादाने तिला भावबीजेला दिलेली. तिने त्यांना माहेरचीच हाक शिकवली होती. भाऊजी म्हणतात, "मेंढरं बी सासरचं ऐकत न्हाईत."

उन्हं कलली तेव्हा मेंढरं तुरीच्या पलीकडच्या मोकळ्या रानात पांगलेली होती. आणायची होतीच, म्हणजे हाक रिकामी नव्हती. पल्लवीने आबांच्या डोक्याला हेडफोन चढवला, माईक ओठांशी आणला. दादाने तळहात कानामागे न्यायला हात उचलला, तो हेडफोनवरच आपटला. मग दिली त्याने हाक. बसक्या घशातून, पण अशी की बांधावरच्या चिमण्या उडाल्या. तुम्हाला वाटेल मी वाढवतोय. चिमण्या खरंच उडाल्या. मेंढरं वळली. "या गं बायांनो, या," म्हणत तो मध्ये बोलला आणि पुन्हा लांब सूर लावला.

मेंढरं आत गेल्यावर ओसरीवर बसून पल्लवीने ऐकलं. तिचा चेहरा बघून मी हेडफोन ओढून घेतला. "या गं बायांनो, या," दादाचा आवाज स्वच्छ. त्याच्या आधी काही नाही. त्याच्या नंतर काही नाही. वारं नाही, रेल्वे नाही, मेंढरं नाहीत आणि हाकही नाही. कोरड्या विहिरीत तोंड घालून ऐकावं तसं.

दादाने हात पुढे केला. त्याने पटका काढला, हेडफोन घातला आणि सगळं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरोबर हाय की," तो म्हणाला. "परवापासून आसंच."

अक्का पदराने डोळे पुसत चुलीकडे गेली. तिने त्याला ज्वारीच्या कण्या ताकात कालवून दिल्या. आम्हाला धपाटे होते. माझ्यासारख्या माणसाला ते गिळेनात, यावरून काय ते समजा.

पुन्हा परभणी

सकाळी दादाचा आवाज दोऱ्याएवढा उरला होता. एका हाकेने बाकीचा संपवलेला. त्याला अक्काकडे ठेवून मी आणि पल्लवी परभणीला गेलो. स्टँडवर तिने माझ्यासमोर सुशीलाची प्लेट ठेवली आणि स्वतः नुसता चहा घेतला. सुशीला म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे मुरमुरे. इतर वेळी मी त्यांच्यावर एक अख्खी गोष्ट सांगितली असती.

"खोला हुआ माल वापस नै लेता मैं," रफिकभाई आधीच म्हणाले.

पल्लवी भांडली नाही. तिने हेडफोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी कानाला लावून ऐकलं.

"चाचा की बात तो साफ है. हाक किधर है?"

"तीच तर न्हाई," ती म्हणाली, आणि मग आबांना उद्या नांदेडला नेऊन काय करणार आहेत तेही तिने सांगितलं. आदल्या दिवशी आम्ही ते बोललो नव्हतो.

रफिकभाई हेडफोन हातात घेऊन बसले. त्यांनी कॉम्प्युटरला जोडून इकडेतिकडे दाबून पाहिलं. शोर कापायचं काही केल्या बंद होईना. "अकल इसके अंदरच बैठी है," ते म्हणाले. "बात पहचानता. लंबा सूर आया तो समझता पंखा है, मशीन है. काट देता." मग थोड्या वेळाने, आमच्याकडे न बघता, "मेरे अब्बा मस्जिद में बांग देते थे. सब बोलते थे क्या आवाज है. किसीने भरके नै रख्खा."

त्यांनी वरच्या फळीवरून एक खोका काढला. आत बुटका, काळा, स्टँडवरचा माईक. ना लाइट, ना अक्कल. "ये भोला है. जो सुनता, सब लेता."

आता खात्री करून घ्यायची होती, आणि हाक देणारा पिंगळीला. मी म्हणालो, मी देतो. पल्लवीने माझ्याकडे पाहिलं.

"काका, रिकामी हाक?"

"माझी रिकामीच असती. माझ्या हाकेवर आजवर शेळीचं करडू आलं न्हाई."

आणि मी दिली. गल्लीतले रिक्षावाले उतरून दारात आले, समोरच्या दुकानदाराच्या हातातला चहा सांडला, आणि खेळायची ती खुर्ची आपोआप गरकन फिरली, असं मी वाडीत सांगतो. पल्लवी कानाला लावून ऐकत होती. तिने मान डोलावली. सगळं होतं.

रफिकभाई खोललेला माल बदलून द्यायला तयार झाले, पण या माईकबरोबर हेडफोन नव्हता, आणि दोन्ही घेण्याएवढी तिची ऐपत नव्हती. माझी तर मेंढरं विकल्याशिवाय कधीच नसते. तिने आधीच्या हेडफोनची गादी अंगठ्याने आणखी एकदा दाबली आणि तो नीट घडी करून खोक्यात ठेवला.

"आन् तुझा खेळ?" मी विचारलं.

"खेळ पुढच्या साली बी हाय, काका."

पिंगळीची दुसरी संध्याकाळ

आम्ही पोचतो तर मेंढरं वाड्यात कोंडलेली. पाहुणे आजारी आहेत, त्यांना त्रास नको म्हणून भाऊजींनी स्वतःच जाऊन लवकर आणली होती. बिचारे शाबासकीच्या अपेक्षेने उभे होते.

दादाने वाड्याकडे पाहिलं आणि तो ओसरीवर बसून राहिला. मेंढरं घरात असताना तो हाक देणार नव्हता. पल्लवी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली. "आबा, उद्या गाडी हाय." तो नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

अक्का उठली. तिने वाड्याचं फाटक उघडलं आणि सगळी मेंढरं काठीने बडवत पुन्हा रानात हाकलली. भाऊजी मागे, "अगं, आत्ता तर आणली!" मेंढरंही तेच म्हणत असावीत. ती तुरीपलीकडे जाऊन पांगली, सूर्य बाभळीला टेकला, आणि अक्का धापा टाकत येऊन म्हणाली, "दादा, माझी मेंढरं रानात राह्यली. आण."

दादा उठला.

पल्लवीने माईक फोनला जोडून बांधावरच्या दगडावर ठेवला. वारं सुटलं होतं. भोळा माईक तेही घेणार. दादाने खुणेने घोंगडी मागितली आणि माझ्या हातांत दिली. पावसात कोकरांना आडोसा करतो तशी मी ती दोन्ही हातांनी पसरून वाऱ्याकडे धरली. त्यामुळे त्या वेळी मी दादाकडे पाठ करून होतो. मी हाक पाहिली नाही. नुसती ऐकली.

ती वर चढली आणि मध्येच तुटली. मी घोंगडी घट्ट धरली. दादाने श्वास घेतला तोसुद्धा ऐकू आला. पुन्हा सूर लागला, जिथे तुटला होता तिथूनच. शेवटी तो वर उडवायचा असतो. या वेळी तो उडाला नाही. हळूहळू खाली आला आणि संपला. स्टेशनात कुठल्यातरी गाडीने शिटी दिली. मेंढरांनी माना वर केल्या आणि ती आली, सगळी.

माईकमध्ये ते सगळं आलं. तुटणं, श्वास, शिटी, मेंढरांचे खूर. शेवटी अक्काचं "आली रे दादा."

घरी

नांदेडचं मी लिहीत नाही. ऑपरेशन नीट झालं, दादा घरी आला, गळ्याला पांढरं फडकं बांधून.

आता मेंढरांचं सांगतो. पल्लवीने वळणावर स्पीकर ठेवून हाक लावली. सगळ्या कळपाने माना वर केल्या. पुढची म्हातारी मेंढी स्पीकरपर्यंत आली, तिने तो हुंगला, आणि परत जाऊन चरायला लागली. पुन्हा लावली तर तिने मानही वर केली नाही. दादा काठी दगडावर आपटत पुढे गेला, तशी सगळी मेंढरं त्याच्यामागे चालायला लागली. आता त्यांना काठीची सवय झाली आहे. मी गोष्ट सांगायला लागलो की मलाही तीच काठी ऐकू येते.

म्हणजे ज्यासाठी हाक आणली त्याला ती लागलीच नाही. पल्लवी जुन्या इअरफोनवर खेळते. तो माईक सगळं घेतो, त्यामुळे नागपूरच्या पोरांना आमची मेंढरं ऐकू येतात आणि ती पोरं तिला चिडवतात.

परवा दुपारी जेवणं झाली होती. वहिनी अंगणात ज्वारी निवडत होती. दादा तिच्यासमोर भिंतीला टेकून बसलेला. पल्लवीच्या काय मनात आलं, तिने इअरफोन आणून आईच्या कानात घातले आणि फोनवर बोट ठेवलं. वहिनीचा हात सुपात थांबला. ती पुढे बघत राहिली; दादा समोरच होता, पण तिची नजर त्याच्यावरून बाभळीच्या वळणाकडे गेली. ऐकून झाल्यावर तिने इअरफोन काढून लेकीच्या हातात दिले, सूप खाली ठेवलं आणि ती आत गेली. चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला.

दादा उठला, रांजणातलं पाणी घेऊन त्याने हातपाय धुतले आणि आत जाऊन पाटावर बसला.

त्या दिवशी आमच्या घरी दुपारची जेवणं दोनदा झाली.